जँगोतील मॉडेल-फॉर्म आणि भिलाईचा पत्ता

मॉडेल-फॉर्म म्हणजे काय

जँगो हे पायथन भाषेतील वेब-फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये आकाराला आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन करणाऱ्या वर्गाला मॉडेल म्हणतात आणि त्या मॉडेलवरून तयार होणाऱ्या अर्जाला मॉडेल-फॉर्म. रकान्याची लांबी, तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, त्यात कोणते पर्याय चालतात, हे सारे मॉडेलमध्ये एकदाच लिहायचे. फॉर्म ते तिथून उचलतो. चांगल्या फॉर्मच्या बहुतेक पद्धती एकाच तत्त्वातून निघतात: नियम माहितीच्या जितका जवळ ठेवावा, तितका तो टिकतो.

उदाहरण म्हणून छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईच्या एखाद्या मराठी मंडळाची वार्षिक कुटुंब-नोंदणी घेऊ.

रकान्याचा प्रकार

१९५५ च्या सोव्हिएत सहकार्य करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत पत्ता 'क्वार्टर ५-ए, स्ट्रीट १२, सेक्टर ७' असा लिहितात. तो पाहून सेक्टरचा रकाना पूर्णांकी ठेवण्याचा मोह होतो. पण त्याच वसाहतीत आकड्याविना नावाचे भागही आहेत: हॉस्पिटल सेक्टर, रिसाली, रुआबांधा; क्वार्टरच्या क्रमांकाला तर अक्षरच चिकटलेले असते. वसाहतीबाहेरच्या सुपेला किंवा नेहरूनगरच्या घराला स्ट्रीट-सेक्टर लागूच नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधी होणार नाही, ते मजकूर म्हणूनच साठवावेत. ऐच्छिक मजकूर रिकामा असेल तर जँगोच्या प्रथेप्रमाणे रिकामी अक्षरमाला ठेवावी; तिच्या जोडीला 'नल' (मूल्यच नसणे) हाही चालू दिला, तर 'काही नाही' सांगण्याच्या दोन तऱ्हा होतात आणि पुढचा प्रत्येक शोध दोनदा लिहावा लागतो.

पिनकोडची तपासणी

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची आणि संस्कृत कवीची देणगी. तिचे सहा अंक रचनाबद्ध आहेत: पहिला विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. भिलाईचे पिनकोड ४९० ने, तर लगतच्या दुर्ग शहराचा ४९१ ने सुरू होतो. पहिला अंक शून्य कधीच नसतो, म्हणजे नियम सोपा: एक ते नऊपैकी एक अंक आणि पुढे कोणतेही पाच.

तरी इथे एक बारीक खाच आहे. मजकुराचा नमुना तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'कोणताही अंक' यासाठी बहुतेक जण बॅकस्लॅश-डी लिहितात. पायथनमध्ये ही खूण देवनागरी अंकांनाही अंकच मानते. सहाही अंकांना हीच खूण वापरली, तर मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला पिनकोड तपासणीत पास होतो, मात्र डेटाबेसमध्ये तो इंग्रजी आकड्यांतल्या त्याच पिनकोडहून वेगळा मजकूर ठरतो. शोध घेतल्यावर काही कुटुंबे सापडतच नाहीत. देवनागरी अंक नाकारणे हा उपाय मराठी मंडळाला शोभणार नाही. फॉर्मच्या 'क्लीन' या तपासणीच्या पद्धतीत ते आधी एका रूपात आणावेत, मग तपासावेत.

नावांचेही तसेच. 'बोऱ्हाडे' मधला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता अशा जोडीने लिहिता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. मजकूर साठवण्यापूर्वी युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणणे म्हणूनच आवश्यक.

रकान्यांची यादी

फॉर्ममध्ये कोणते रकाने असतील ते नावानिशी लिहावे. 'सर्व रकाने' ही सोय जँगोत आहे, पण उद्या मॉडेलमध्ये 'शुल्क भरले' हा रकाना वाढला की तो आपसूक अर्जात येतो आणि अर्जदारच स्वतःचे शुल्क भरल्याची नोंद करू शकतो. हा धोका काल्पनिक नाही. मार्च २०१२ मध्ये रेल्स या फ्रेमवर्कवर चालणाऱ्या गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर एका विकसकाने फॉर्ममध्ये दुसऱ्याचा सदस्य-क्रमांक घुसवून खुद्द रेल्सच्या भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला होता. जँगोने आवृत्ती १.८ पासून रकाने, निदान 'सर्व' असे तरी, स्पष्ट सांगणे सक्तीचे केले, हे योग्यच झाले.

अद्वितीयतेचा नियम

एका क्वार्टरमधून एका वर्षी एकच नोंद, असा नियम मॉडेलमध्ये बंधन म्हणून लिहिता येतो. फॉर्म तो स्वतःहून तपासतो. परंतु 'वर्ष' अर्जात न विचारता सर्व्हरने भरायचे ठरवले, तर फॉर्म हे बंधन तपासतच नाही. अर्जात नसलेल्या रकान्याशी जोडलेली तपासणी तो वगळतो. मग चूक थेट डेटाबेसमध्ये आपटते आणि अर्जदाराला समजेल अशा संदेशाऐवजी त्रुटीचे पान दिसते. वर्ष नोंदीच्या वस्तूत आधीच भरून, 'क्लीन' मध्ये ही तपासणी स्वतः करणे हा उपाय. डेटाबेसमधील बंधन तरीही काढू नये. दोन अर्ज एकाच क्षणी आले, तर दोघांनाही फॉर्म 'जागा मोकळी आहे' असेच सांगतो. अशा वेळी डेटाबेसच निर्णय देऊ शकतो.

बदलत्या याद्या

जिल्ह्यांची यादी कोडमध्ये गोठवू नये. छत्तीसगड २००० मध्ये स्थापन झाले तेव्हा १६ जिल्हे होते, आता ३३ आहेत. १ जानेवारी २०१२ रोजी दुर्गमधूनच बालोद आणि बेमेतरा वेगळे झाले. जिल्हे स्वतंत्र तक्त्यात ठेवून परकीय किल्लीने (फॉरेन की) जोडले, तर नवा जिल्हा म्हणजे फक्त एक नवी ओळ.

सादरीकरण

नोंद साठवल्यावर दुसऱ्या पानावर वळवावे, म्हणजे पान ताजे करताना अर्ज पुन्हा जात नाही. सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या संकेतस्थळावरून खोटा अर्ज येणे रोखणारी खूण) काढू नये. ब्राउझरमधील तपासणी अर्जदाराच्या सोयीपुरती. ती चुकवून सर्व्हरपर्यंत काहीही पाठवता येते.

मर्यादा

पिनकोड नियमात बसतो म्हणून तो अस्तित्वात असेलच असे नाही. याहून मोठी अडचण जुन्या याद्यांची. मंडळांची आधीची नोंद बहुधा एक्सेलमध्ये असते आणि ती एखाद्या स्क्रिप्टने सरळ मॉडेलमध्ये ओतली जाते. मॉडेलची 'सेव्ह' पद्धत तपासणी करत नाही. डेटाबेसमध्ये जी बंधने आहेत तेवढीच लागू होतात, बाकी सगळे आत जाते. एक्सेलची प्रत्येक ओळ त्याच फॉर्ममधून न्यावी, आणि नाकारलेल्या ओळी कारणासह वेगळ्या फाइलमध्ये उतरवून सचिवांकडे दुरुस्तीला द्याव्यात.