तिसरं रक्त जाईपर्यंत

ग्लुकोजच्या भुकटीत पाणी असतं. हाताला कोरडी लागते, चमच्यातून भुरभुर पडते, तरी तिच्या वजनाचा अकरावा हिस्सा पाण्याचाच. उन्हातून आल्यावर पेल्यात दोन चमचे टाकताना हा हिशेब कुणी करत नाही, करायची गरजही नसते. जीटीटीसाठी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी, आलेल्या मुलाचं ग्लुकोज तोलताना मात्र करावा लागतो. आज आलेल्या मुलीचं वजन २४ किलो. किलोमागे १.७५ ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅम. पण हे ४२ ग्रॅम निर्जल ग्लुकोजचे. आमच्या डब्यातली भुकटी पाण्यासकटची, म्हणून तराजूवर ४६ ग्रॅमच्या किंचित वर काटा यायला हवा. मोठ्या माणसाला ७५ ग्रॅम देतात आणि मुलांसाठीही कमाल मर्यादा तीच. गडबडीत या मुलीला मोठ्यांचाच पेला पाजला, तर तिच्या अंगाला झेपेल त्याच्या जवळजवळ दुप्पट साखर पोटात जाईल. आकडा चढेल आणि नसलेला मधुमेह कागदावर उतरेल.

मी मुलांच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. रक्त काढणं माझं काम नव्हे, ते सिस्टर करतात. पण सिस्टिक फायब्रोसिसच्या, म्हणजे सीएफच्या, मुलांची जीटीटी असली की मी सकाळपासून तिथे असते, कारण त्यानंतरचं सगळं बोलणं ताटाभोवती फिरतं. ते कुणी चुकीचं सुरू करण्याआधी मला सुरू करायचं असतं.

आजार जन्माचा. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती सदोष आल्या की पेशींच्या पडद्यातून क्षाराची ये-जा बिघडते आणि शरीरातले स्राव चिकट, घट्ट होतात. छातीत कफ अडकतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, घामातून मीठ वाहून जातं. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत. भारतातल्या रुग्णांची पहिली वर्णनं छापून आली ती १९६८ च्या सुमाराला. आजही यातली कित्येक मुलं आधी टीबीची नाहीतर दम्याची औषधं घेऊन, खंगून, मग कधीतरी घामाच्या तपासणीपर्यंत पोहोचतात. ज्यांचं निदान होतच नाही, त्यांच्याबद्दल काय बोलणार?

स्वादुपिंडाची दोन कामं. पचनाचा रस आतड्यात सोडायचा आणि इन्सुलिन रक्तात. सीएफमध्ये पहिलं काम बहुतेक मुलांत तान्हेपणीच बंद पडतं, म्हणून त्यांना प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. दुसरं काम सावकाश ढासळतं. रस तुंबून ग्रंथी आतून जळत जाते, तिच्या जागी तंतू आणि चरबी भरते, आणि त्या पडझडीत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटंही सापडतात. त्यातून होणाऱ्या मधुमेहाला टाइप वन म्हणता येत नाही, टाइप टूही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात या रुग्णांची जीटीटी दरवर्षी करण्याची पद्धत जुनी आहे. तिथल्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत हा मधुमेह लहान मुलांपैकी २ टक्क्यांत, किशोरवयीनांपैकी १९ टक्क्यांत आणि मोठ्यांपैकी ४० ते ५० टक्क्यांत होता. म्हणजे पोर जगलं, वाढलं, तर हे मागोमाग येणारच, असं धरून चालायचं. आपल्याकडेही आता ही मुलं पूर्वीपेक्षा जास्त जगतायत. आनंदाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच दहाव्या वर्षापासून ही चाचणी दरवर्षी करायची.

मुलगी अकरा वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. रात्रीच्या एसटीने आई घेऊन आली. "साडेनवाला जेवलीया, त्यानंतर पाण्याबिगर काय न्हाई मॅडम," हे आईने मी विचारायच्या आत सांगितलं. मी तरी मुलीलाच वेगळं विचारते. एसटी स्टँडवर पहाटे चहा-बिस्किटाचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. पुढचा प्रश्न छातीचा. ताप आहे का, कफ वाढलाय का, गेल्या काही आठवड्यांत स्टिरॉइड दिलंय का? आजारपणात साखर तशीही चढते, तो आकडा वर्षाच्या तपासणीत धरून चालत नाही. मूल त्याच्या मानाने ठणठणीत असेल तेव्हाच ही चाचणी. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना "आज नको, बरी झाली की या" असं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगावं लागतं.

सिस्टर हातावर शिरेत राहणारी इंट्राकॅथ लावतात, म्हणजे तीनदा टोचायला नको. पहिलं रक्त उपाशीपोटी, दुसरं तासाने, तिसरं दोन तासांनी. रक्त ग्रे टोपणाच्या बल्बमध्ये, म्हणजे नळीत, जातं. त्यात फ्लोराइड असतं, कारण बाहेर काढल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या बल्बमध्ये तासभर पडून राहिलं तर पाच-सात टक्के साखर तिथेच संपते. वॉर्डबॉय मामा बल्ब घेऊन निघाले की मध्ये चहाला थांबू नयेत, यावर सिस्टरांचं बारीक लक्ष असतं. बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर बघितलं तर चालणार नाही का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. घरी लक्ष ठेवायला ते यंत्र उत्तम. निदानाचा शिक्का मारायला नाही.

मग पेला. पाच मिनिटांत संपवायचा. ऐकायला सोपं वाटतं. ज्या मुलांना सकाळी उठल्याबरोबर गिळलेल्या कफाने मळमळत असतं, त्यांना उपाशीपोटी हे दाट गोड पाणी नको होतं. लिंबाचे चार थेंब आम्ही टाकू देतो, पाणी गार करून देतो. मुलगी एक घोट घेते, आईकडे बघते, दुसरा घेते. आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. उलटी झाली तर चाचणी बाद, पुन्हा दुसऱ्या दिवशी. आईने पर्समधून कॅप्सूलची बाटली काढली. "गोळी द्यायची ना याच्यासंगं?" प्रश्न अगदी बरोबर होता, कारण तिला आम्हीच शिकवलंय की तोंडात काही गेलं की कॅप्सूल. पण ग्लुकोज पचवावं लागत नाही, ते थेट रक्तात जातं. कॅप्सूल नको. आईने बाटली ठेवून दिली, पण पर्सची चेन लावली नाही.

पेला सुरू केल्यापासून दोन तास. या वेळात पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, खायचं काही नाही. आणि या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी मला अजूनही नीट बघवत नाही. आज एक मोठा मुलगाही सीएफच्याच तपासणीला आला होता. दोघांना एका बाकावर बसता येत नाही. एकाच्या छातीतले स्यूडोमोनाससारखे जंतू दुसऱ्याच्या छातीत जाऊन मुक्काम ठोकतात, म्हणून सीएफच्या दोन मुलांत निदान सहा फुटांचं अंतर राखायचं असतं, शक्यतो खोलीच वेगळी. दम्याच्या मुलाला दम्याचा मित्र मिळतो, मधुमेहाच्या मुलांची शिबिरं भरतात. ही मुलं आपल्यासारखं दुसरं कुणी आहे हे फक्त लांबून, मास्कवरून बघतात. आयांना एकमेकींशी बोलायला हरकत नसते, आणि त्या बोलतात. नेब्युलायझर कोणता टिकतो, उन्हाळ्यात मीठ किती घालतेस, शाळेत कॅप्सूल कोण देतं. माझ्या अर्ध्या समुपदेशनाचं काम त्या कॉरिडॉरमध्येच होऊन जातं.

एवढा खटाटोप कशाला, तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी करून मोकळं का होऊ नये? मला हा प्रश्न पालकांपेक्षा डॉक्टरांकडूनच जास्त ऐकू येतो. तीन महिन्यांची ती सरासरी या आजारात खरी गोष्ट लपवते. सुरुवातीला या मुलांची उपाशीपोटीची साखर अगदी चांगली असते. बिघडतं ते जेवणानंतरचं. इन्सुलिन येतं, पण उशिरा येतं आणि कमी येतं. तासाभरात साखर उसळते आणि मग खाली येते. सरासरीत ती उसळी दिसत नाही. म्हणून एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह आहे असं म्हणता येतं, पण कमी आली तर नाही, असं म्हणता येत नाही. चाळणी म्हणून ती उपयोगाची नाही. उपाशीपोटीचं एकट्याचं रक्तही नाही.

मुलाला काहीच त्रास नसताना हे का शोधायचं, हेही समजून घ्यायला हवं. इन्सुलिन नुसती साखर सांभाळत नाही, ते अंग धरायला लावतं. ते कमी पडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, स्नायू झडतात. आणि खोकून कफ बाहेर काढायला स्नायूच लागतात. मधुमेहाचं निदान व्हायच्या काही वर्षं आधीपासूनच वजन आणि फुप्फुसाची ताकद घसरू लागते, असं दिसून आलं आहे. मिनेसोटात पूर्वी मधुमेह असलेले सीएफचे रुग्ण, त्यातही स्त्रिया, इतरांपेक्षा लवकर जात. नियमित जीटीटी आणि लवकर इन्सुलिन सुरू झाल्यावर तिथली ही तफावत बरीच कमी झाली.

दुपारी आकडे आले. उपाशीपोटी ८६, तासाने २२१, दोन तासांनी १६४. १२६ किंवा वर उपाशीपोटी, नाहीतर २०० किंवा वर दोन तासांनी, म्हणजे मधुमेह, आणि लक्षणं नसतील तर तोही पुन्हा तपासून पक्का करायचा. दोन तासांनी १४० ते १९९ हा मधला पट्टा. मुलगी त्यात. अशा मुलांना इन्सुलिन आत्ताच द्यावं का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. आमच्या डॉक्टरांनी घरी ग्लुकोमीटर दिला, आठवड्यातून काही वेळा जेवणानंतर दोन तासांनी बघायला सांगितलं आणि वजन वाढलं नाही तर वर्षभर न थांबता लवकर बोलावलं.

आईने विचारलं ते अपेक्षितच होतं. "मग भात बंद करू का?"

इथे माझं काम सुरू होतं. आपल्याकडे घरटी एका तरी माणसाला शुगर आहे, त्यामुळे घरटी एक तरी तज्ज्ञही आहे. आजोबांचा भात सुटलेला असतो, मामाने गूळ सोडलेला असतो, शेजारीण कारल्याचा रस सांगते. ती सगळी पथ्यं, चाळिशीनंतर पोट सुटलेल्या माणसाची, या २४ किलोच्या मुलीवर येऊन पडतात. तिला समवयस्कांच्या साधारण सव्वा ते दीडपट खायला लागतं. तिची साखर कमी करण्यासाठी तिचं जेवण कमी करणं म्हणजे तिला उपाशी मारणं, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. इन्सुलिन लागेल तेव्हा ते जेवणाच्या मापाने वाढवायचं. जेवण इन्सुलिनच्या मापाने कापायचं नाही. मी आईला लिहून दिलं: भात चालू, तूप चालू, भाकरीवर लोणी चालू, दाण्याचा लाडू रोज, पापड-लोणचं भरपूर, कॅप्सूल विसरायची नाही. बंद फक्त मधल्या वेळची कोल्ड्रिंकची बाटली. आईने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "सासऱ्यांना तुम्हीच सांगा फोनवर." सांगितलं. त्यांना पटलं असं वाटलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं.

सीएफटीआरच्या दोषावरच काम करणारी औषधं आली आहेत. तीन औषधांच्या एकत्रित गोळीला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली, आणि तिची तिथली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती. आमच्या पालकांना ती फक्त मोबाइलवर वाचून माहीत आहे. ती घेणाऱ्या मुलांचीही ही चाचणी तिकडे चालूच आहे.

आपल्या ओळखीत, आपल्या दवाखान्यात सीएफचं मूल असेल आणि त्याला दहावं वर्ष लागलं असेल, तर या वर्षी त्याची जीटीटी झाली का, एवढं विचारा. झाली नसेल तर पूर्ण दोन तासांची करून घ्या, ग्लुकोज वजनावरून मोजलंय याची खात्री करा, आणि रिपोर्ट येईपर्यंत ताटातलं काहीही कुणाला काढू देऊ नका. त्या दिवशी डबा घरून भरून न्या, कॅप्सूलही. तिसरं रक्त गेल्यावर या मुलांची साखर कधीकधी झपकन खाली येते, तेव्हा कागदाची वाट न बघता आधी त्याला जेवू घाला.