गुणांतील अंतर आणि क्षमतेतील अंतर : शब्द व अंक यांच्या दूरचित्रवाणी-खेळातील एकतर्फी लढतींचा विचार

शब्द आणि अंक यांची जोडी घालून रचलेला स्पर्धात्मक खेळ ही मूळची फ्रेंच दूरचित्रवाणीची निर्मिती होय. आर्मां जामो यांनी १९६५ मध्ये सर्वांत लांब शब्द शोधण्याचा एक खेळ तेथे सुरू केला. १९७२ मध्ये त्याला अंकांच्या फेऱ्यांची जोड मिळाली, आणि या संयुक्त रूपात तो पुढे अनेक दशके चालला. इंग्लंडमध्ये चॅनेल फोर ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी या खेळाचा ‘काउंटडाउन’ हा इंग्रजी अवतार तिच्यावरून प्रथम प्रसारित झाला. दोन स्पर्धक, एक घड्याळ व एक शब्दकोश एवढ्याच सामग्रीवर उभ्या असलेल्या या खेळात काही लढती इतक्या एकतर्फी होतात, की पराभूत स्पर्धकाच्या नावावर विजेत्याच्या निम्मे गुणही जमत नाहीत. अशी लढत पाहणाऱ्याचा सहज ग्रह होतो तो असा, की एकाची बुद्धी दुसऱ्याच्या दुप्पट आहे. हा ग्रह कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम नियम लक्षात घेणे आवश्यक आहे. अक्षरांच्या फेरीत स्वर व व्यंजने यांच्या दोन गठ्ठ्यांतून नऊ अक्षरे काढली जातात आणि तीस सेकंदांत त्यांपासून जास्तीत जास्त लांबीचा शब्द बनवायचा असतो. शब्दात जितकी अक्षरे तितके गुण. मात्र नऊही अक्षरे वापरणाऱ्यास अठरा गुण मिळतात. अंकांच्या फेरीत सहा संख्या देण्यात येतात व बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या साहाय्याने एक तीन-अंकी संख्या गाठावयाची असते. उत्तर तंतोतंत आल्यास दहा, पाचापर्यंत चुकल्यास सात आणि सहा ते दहाच्या आत चुकल्यास पाच गुण मिळतात. अखेरीस नऊ अक्षरांचे एक विस्कटलेले कोडे असते. ते प्रथम सोडविणाऱ्यास दहा गुण प्राप्त होतात.

या नियमांत दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की दोन्ही स्पर्धकांस एकच अक्षरे व एकच संख्या मिळतात. पत्त्यांच्या डावात हातातील पानांना दोष देता येतो; येथे तो देता येत नाही. त्यामुळे निकाल निव्वळ गुणवत्तेचा आहे, असे वाटू लागते. दुसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते, आणि एकतर्फीपणाचे मूळ तिच्यातच आहे. प्रत्येक फेरीत गुण मिळतात ते केवळ सरस उत्तर देणाऱ्यास. उत्तरे तुल्य असतील तर दोघांनाही गुण मिळतात. परंतु एक अक्षराने कमी पडणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘क्ष’ व ‘य’ अशा दोन स्पर्धकांनी अक्षरांच्या दहा फेऱ्या खेळल्या, असे समजावे. पाच फेऱ्यांत दोघांनीही सात अक्षरी शब्द दिले. चार फेऱ्यांत ‘क्ष’ने सात अक्षरी, तर ‘य’ने सहा अक्षरी शब्द दिला. उरलेल्या एका फेरीत याच्या उलट घडले. दहा फेऱ्यांत शोधलेल्या शब्दांची एकूण लांबी मोजली, तर ‘क्ष’ची ६९ अक्षरे व ‘य’ची ६६ अक्षरे भरतात. हे अंतर पाच टक्क्यांहूनही कमी आहे. परंतु फलकावरील गुण मात्र ‘क्ष’चे ६३ आणि ‘य’चे ४२ होतात. तीन अक्षरांचे अंतर एकवीस गुणांचे झाले, म्हणजे सात पटींनी वाढले. याच विचाराचे टोक गाठावयाचे झाल्यास, दहाही फेऱ्यांत एकाने सात व दुसऱ्याने सहा अक्षरी शब्द दिला असे धरावे. निकाल सत्तर विरुद्ध शून्य असा लागेल. सहा अक्षरी शब्द तीस सेकंदांत दहा वेळा शोधणारा मनुष्य भाषेत शून्य आहे, असे कोणीही म्हणणार नाही. पण फलक तेच म्हणतो.

अंकांच्या फेरीतही हीच प्रवृत्ती दिसते, आणि तेथे तंत्राच्या अभ्यासाची भर पडते. या फेरीच्या संचात एकूण चोवीस पत्ते असतात : २५, ५०, ७५ व १०० यांचा प्रत्येकी एक, आणि १ ते १० या संख्यांचे प्रत्येकी दोन. त्यांतून सहा पत्त्यांचे १३,२४३ निरनिराळे संच होऊ शकतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या अखेरीस ‘अंकपाश’ या नावाने ज्या प्रकारच्या गणनेचा विचार केला, तिच्याच कुळातील ही गणना आहे. मोठ्या संख्या किती घ्याव्यात, हे ठरविण्याचा अधिकार आळीपाळीने स्पर्धकांकडे असतो. आणि सराव केलेला स्पर्धक पुष्कळदा चारही मोठ्या संख्या मागून घेतो.

१९९७ मध्ये याच मार्गाने एका स्पर्धकास २५, ५०, ७५, १००, ३ व ६ या संख्यांतून ९५२ ही संख्या गाठावयाची होती. त्याने १०० मध्ये ६ मिळवून १०६ केले, त्यास ३ ने गुणून ३१८ व पुन्हा ७५ ने गुणून २३,८५० केले, त्यातून ५० वजा करून २५ ने भागले आणि ९५२ हे उत्तर दिले. ही लढत पुढे फार गाजली. तथापि अधिक सुलभ मार्गही उपलब्ध होता. १०० आणि ३ मिळून १०३, त्याची सहापट ६१८, त्यास ७५ ने गुणून ५० ने भागावे म्हणजे ९२७, आणि त्यात २५ मिळविले की ९५२. येथे ७५ ने गुणून ५० ने भागणे म्हणजे दीडपट करणे होय. ज्यांनी जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली, त्यांना ६१८ ची दीडपट सांगण्यास कागद लागला नसता. खेळात जिला ‘प्रतिभा’ म्हटले जाते, ती अनेकदा पाठांतराच्या एका विशिष्ट परंपरेची देणगी असते. ती परंपरा ज्याच्या वाट्याला आली नाही, तो मंदबुद्धी ठरत नाही.

एकतर्फीपणाचे दुसरे कारण जोड्या लावण्याच्या पद्धतीत आहे. ‘काउंटडाउन’मध्ये विजेता आपल्या जागी कायम राहतो व पुढच्या लढतीत नव्या आव्हानकर्त्यास तोंड देतो, असे सलग आठ विजय त्यास मिळविता येतात. म्हणजे पाचव्या लढतीस बसलेला विजेता हा चार जणांच्या चाळणीतून वर राहिलेला असतो, दिव्यांच्या झोताला व घड्याळाच्या ठोक्याला सरावलेला असतो. तर समोरचा मनुष्य त्या खुर्चीवर प्रथमच बसलेला असतो. २००२ मध्ये ज्युलियन फेल या स्पर्धकाने पंधरा फेऱ्यांच्या एका लढतीत १४६ गुण मिळविले. म्हणजे दर फेरीस सरासरी जवळजवळ पावणेदहा. असा प्रतिस्पर्धी समोर असता सामान्य नवख्याचा पराभव मोठा होणे हे त्याच्या अपात्रतेचे लक्षण नसून त्या भेटीच्या योजनेचे फळ आहे. त्यात आणखी असे, की मागे पडलेला स्पर्धक खात्रीचा लहान शब्द सोडून संशयास्पद लांब शब्दाच्या नादी लागतो. शब्द कोशात न सापडल्यास त्या फेरीत त्याला काहीच मिळत नाही, आणि अंतर अधिकच वाढते. अखेरचे कोडे ‘निर्णायक’ म्हणविले जाते तेही दोघांतील अंतर दहा गुणांपर्यंत असेल तेव्हाच; एकतर्फी लढतीत त्याला केवळ औपचारिक स्थान उरते.

तिसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. शब्दखेळातील यश हे भाषेच्या ज्ञानाचे माप आहे काय? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे इंग्रजी स्क्रॅबलचे अनेकदा विश्वविजेते ठरलेले खेळाडू. २०१५ मध्ये त्यांनी बेल्जियम येथे फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे विश्वविजेतेपदही मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्यांनी शब्दांची यादी आत्मसात केली होती. त्यांच्याकडून हरलेल्यांची ती मातृभाषा होती. शब्दाचा आकार ओळखणे आणि शब्दाचा अर्थ जगणे या दोन भिन्न शक्ती आहेत, याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

असा खेळ मराठीत उभा करावयाचा झाल्यास हे सारे प्रश्न अधिक तीव्र होतात. कारण शब्दाची लांबी कशात मोजावी, येथूनच मतभेदास आरंभ होतो. रोमन लिपीत अक्षर हा सुटा घटक आहे. देवनागरीत लेखनाचा दृश्य घटक म्हणजे स्वरयुक्त अक्षर, तर व्याकरणाचा घटक म्हणजे वर्ण. अक्षरे मोजली तर ‘आई’ हा शब्द दोनाचा व ‘स्त्री’ हा एकाचा. वर्ण मोजले तर ‘आई’चे दोन आणि ‘स्त्री’चे स्, त्, र्, ई असे चार. ‘गवत’ व ‘विद्यार्थी’ हे दोन्ही शब्द तीन अक्षरी आहेत. परंतु वर्णसंख्या अनुक्रमे सहा व आठ भरते. अक्षरगणना स्वीकारली की जोडाक्षरांनी भरलेले तत्सम शब्द तोट्यात जातात आणि वर्णगणना स्वीकारली की तेच शब्द फायद्यात येतात. म्हणजे मापाची निवड ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. संस्कृतप्रचुर वाचनात वाढलेला विद्यार्थी आणि देशी बोलीत वाढलेला विद्यार्थी यांपैकी कोण जिंकणार, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच काही अंशी ठरून जाते.

मराठीच्या परंपरागत खेळांनी या बाबतीत आपला कौल दिलेला आहे. भेंड्यांत पकडले जाते ते शेवटचे अक्षर, शेवटचा वर्ण नव्हे. आणि ‘ळ’ किंवा ‘ण’ आल्यास ‘ल’ वा ‘न’ घेण्याची मुभा पुष्कळदा दिली जाते. भाषेच्या प्रकृतीने निर्माण केलेली अडचण खेळाडूच्या माथी मारू नये, एवढे शहाणपण त्या घरगुती नियमात आहे.

विभक्तिप्रत्ययांचा प्रश्नही सोपा नाही. ‘घर’पासून ‘घरातल्यांनासुद्धा’पर्यंत शब्द लांबविता येत असता प्रत्यययुक्त रूपे ग्राह्य धरावीत की नाहीत, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. तीच गोष्ट शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार ‘कवी’ दीर्घ लिहावयाचा. त्यापूर्वीच्या कोशांत तो ‘कवि’ असा ऱ्हस्व सापडतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश प्रमाण मानावा की दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, यावरही एखाद्या फेरीचा निकाल फिरू शकेल.

मीरा-भाईंदरमधील शांती नगरसारख्या वसाहतीत हा विचार केवळ तात्त्विक राहत नाही. मराठी, गुजराती, हिंदी अशा निरनिराळ्या मातृभाषांची कुटुंबे तेथे शेजारी राहतात, तर जवळच्या किनाऱ्यावर कोळी व आगरी बोली नांदतात. अशा ठिकाणी शाळेत वा मंडळात शब्दांची स्पर्धा घेतली, तर घरी मराठी बोलणारे मूल आणि ती केवळ शाळेत शिकणारे मूल यांच्यातील एका अक्षराचा फरक वर दाखविल्याप्रमाणे अनेक पटींनी फुगून फलकावर येईल. उलट, ‘म्हावरं’ हा शब्द जन्मापासून ऐकणाऱ्या कोळ्याच्या मुलासमोर पंचांनी केवळ प्रमाणभाषेचा कोश ठेवला, तर त्याच्याच किनाऱ्यावर त्याचा शब्द बाद ठरण्याचा संभव आहे. दोन्ही प्रसंगी हरणारे मूल आपल्याला भाषा येत नाही, अशी समजूत घेऊन घरी जाते. एकतर्फी लढतीतील खरी हानी ती हीच.

यास्तव अशा स्पर्धांचे गुण अभ्यासाची सामग्री म्हणून वापरणाऱ्या संशोधकाने अंतिम गुणसंख्येवर विसंबू नये. प्रत्येक स्पर्धकाने शोधलेल्या ग्राह्य शब्दांची एकूण लांबी स्वतंत्रपणे नोंदवावी. बरोबरीच्या फेऱ्या किती झाल्या ते पाहावे. स्पर्धकांची पूर्वतयारी व मातृभाषा लक्षात घ्यावी. आणि मापाचा घटक व प्रमाण कोश कोणता, हे आरंभीच नमूद करावे. स्पर्धा भरविणाऱ्यांनी दोघांनाही आपापल्या शब्दाचे गुण दिले, तर वरील उदाहरणातील निकाल ६९ विरुद्ध ६६ असा लागेल. विजेता तोच राहील. बदलेल ते फक्त पराभूताविषयीचे, आणि त्याचे स्वतःविषयीचे, मत.