न्यायसहायक प्रयोगशाळांमधील परस्पर सहकार्य : नेमावर ते माद्रिद

गुन्ह्याच्या तपासात प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रश्न मिटला, असा समज सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. वर्तमानपत्रांतील बातम्या तो अधिकच पक्का करतात. वस्तुतः कोणतीही एक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली फॉरेन्सिक लॅब, गंभीर गुन्ह्यातील सर्व मुद्देमाल एकटीच्या बळावर तपासू शकत नाही. शिवाय तिचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेला पडताळता येत नसेल, तर तो शास्त्रीय निष्कर्ष म्हणावा की नाही, हाच प्रश्न पडतो. प्रस्तुत लेखात प्रयोगशाळांनी एकमेकींना करावयाची मदत आणि एकमेकींची करावयाची पडताळणी या दोन बाबींचा विचार केला आहे. दोन्ही सहकार्याच्याच बाबी असल्या तरी त्या एक नव्हेत.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर हे गाव आहे. समोरच्या तीरावर हंडिया. सिद्धेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी हे गाव प्रसिद्ध आहे आणि होळकरांच्या इंदूर संस्थानातील एका जिल्ह्याला त्याचेच नाव होते. २०२१ च्या मे महिन्यात येथील एका आदिवासी कुटुंबातील पाच जण बेपत्ता झाले. जूनच्या अखेरीस एका शेतातील खोल खड्ड्यात त्यांचे मृतदेह सापडले. मृतदेह लवकर नष्ट व्हावेत म्हणून मीठ व युरिया टाकला होता आणि मधल्या काळात बेपत्ता मुलीच्या मोबाइलवरून दिशाभूल करणारे संदेश जात राहिले, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. पुढे राज्य शासनाने हा तपास सीबीआयकडे सोपविण्याची शिफारस केली. खटल्याच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. असा खड्डा उघडला म्हणजे शास्त्रापुढे किती प्रकारची कामे एकदम उभी राहतात, एवढेच पाहावयाचे आहे.

पहिले काम ओळख पटविण्याचे. दीड महिना जमिनीत राहिलेल्या देहाचा चेहरा पुरेसा पुरावा नसतो. दात किंवा लांब हाडांतून डीएनए काढून तो जवळच्या नातलगांच्या रक्ताशी ताडून पाहावा लागतो. मृत्यूचे कारण शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी सांगतो. विषाची शंका असल्यास व्हिसेरा विषशास्त्र विभागाकडे जातो. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या मिठाने पुरावा नाहीसा होईल असे गुन्हेगाराला वाटते, त्याच मिठाच्या संपृक्त द्रावणात बहुतेक प्रकरणांत व्हिसेरा टिकवून ठेवतात. खड्ड्यातील मातीत मीठ व युरिया होते की नाही, हे ठरविण्यासाठी केवळ ती माती पुरत नाही, त्याच शेतातील दूरच्या जागेची मातीही तुलनेसाठी घ्यावी लागते. शेतात युरिया असणे यात नवल काहीच नाही. हा तुलनेचा नमुना घ्यायचे राहून गेले, तर पुढे कितीही उत्तम यंत्र असले तरी ते हतबल ठरते.

मोबाइलचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. एकाच यंत्रावर तीन शाखांचा हक्क असतो. पृष्ठभागावर कोणाच्या बोटांचे ठसे असतील, त्वचेच्या पेशींतून डीएनए मिळू शकेल, आणि आत संदेश, छायाचित्रे व ठिकाणांच्या नोंदी असतील. संगणकतज्ज्ञाने तो आधी हाताळला तर ठसे पुसले जातात. ठशांवर वापरलेली काही रसायने यंत्राला वा डीएनएला बाधक ठरू शकतात. फोन चालू राहून जाळ्याशी जोडलेला असेल, तर आतील नोंदी दुरून पुसल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून लहरी अडविणाऱ्या पिशवीत तो ठेवतात. तेव्हा आधी कोणी, नंतर कोणी, कोणत्या पद्धतीने, हे तिन्ही शाखांनी वस्तूला हात लावण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. प्रयोगशाळांमधील सहकार्याची सुरुवात मोठमोठ्या करारांनी होत नाही. ती अशा क्रमनिश्चितीने होते.

ही कामे बहुधा एका शहरातही होत नाहीत. मध्य प्रदेशची राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा सागर येथे आहे. इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. नेमावरहून इंदूर सुमारे सव्वाशे किलोमीटर आणि सागर तर सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून दूर. लाखेचे सील केलेले पुडके घेऊन पोलीस कर्मचारी निघतो, पोचपावती घेतो, परत येतो. प्रत्येक हस्तांतराची नोंद जुळली नाही तर बचाव पक्षाचा वकील तेथेच बोट ठेवतो, आणि ते योग्यच आहे. सागरच्या बाबतीत एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. तेथील विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला. देशातील तो पहिला. शिकविणारी संस्था आणि तपासणारी संस्था एकाच गावात असण्याचा लाभ तेथे झाला. महाराष्ट्रात मुंबई, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था निघाल्या, त्या मात्र एकविसाव्या शतकात.

देवाणघेवाणीची ही परंपरा जुनी आहे. मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या, तेव्हा विषप्रयोगाच्या प्रकरणांसाठी अख्खे प्रांत एकेका प्रयोगशाळेवर अवलंबून होते. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. ठशांचे वर्गीकरण करून ते १०२४ कप्प्यांत लावण्याची जी पद्धत पुढे 'हेन्री पद्धत' म्हणून जगभर गेली, तिच्या मांडणीत काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांचा मोठा वाटा होता. हक हे गणिताचे विद्यार्थी होते. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १९०१ मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. सहकार्यात श्रेय कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे.

सामायिक पद्धत असली की दूरदूरच्या नोंदी एकमेकींशी बोलू लागतात, हे त्या १०२४ कप्प्यांनी दाखवून दिले. आज तेच काम संगणक करतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्वयंचलित अंगुलिमुद्रा ओळख प्रणाली, म्हणजे नाफिस, सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये या प्रणालीतून मृत व्यक्तीची ओळख पटविणारे मध्य प्रदेश हे पहिले राज्य ठरले. डीएनएच्या बाबतीत मात्र देशात कायद्याने उभी केलेली राष्ट्रीय पेढी नाही; त्यासाठी २०१९ मध्ये मांडलेले विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. खासगीपणाच्या दृष्टीने त्यावर जे आक्षेप होते ते गंभीर होते. तथापि पेढी असो वा नसो, दोन प्रयोगशाळांनी डीएनएवरील तीच ठिकाणे तपासली असतील तरच त्यांचे निकाल जुळविता येतात. अमेरिकेत अशी १३ ठिकाणे ठरलेली होती, २०१७ पासून ती २० झाली. युरोपातील प्रयोगशाळांनी १९९५ मध्ये आपले संघटन उभारले, त्यामागेही पद्धती सारख्या करण्याचा हेतू होता.

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर व नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. गोव्याची वेर्णा येथील प्रयोगशाळा होण्यापूर्वी तेथील नमुने परराज्यांत जात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने हा विषय अधिकच निकडीचा केला आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे हे कलम सांगते. त्याची अंमलबजावणी राज्यांनी पाच वर्षांच्या आत अधिसूचित करावयाची आहे. ज्या राज्यात अशी सोय नसेल, त्याने ती होईपर्यंत दुसऱ्या राज्याच्या सोयीचा उपयोग अधिसूचित करावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे शेजारधर्म आता कायद्यात आला. परंतु शेजाऱ्याच्या घरीही रांग असते. अहवाल लांबला की कच्चा कैदी तुरुंगात आणि मृताचे नातलग न्यायालयाच्या पायऱ्यांवर, दोघेही तिष्ठत राहतात. नमुना परराज्यात पाठवून कामाचा बोजा वाटून घेता येतो, मात्र कमी पडणारी माणसे आणि रसायने त्यामुळे निर्माण होत नाहीत.

येथवर मदतीचा विचार झाला. पडताळणीची बाब याहून नाजूक आहे, आणि तिच्यासाठी नेमावरपासून बरेच दूर, स्पेनमध्ये जावे लागते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये आगगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्फोटकांची साधने असलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर मिळालेल्या ठशाची प्रतिमा स्पॅनिश पोलिसांनी मदतीसाठी एफबीआयकडे पाठविली. एफबीआयच्या संगणकाने २० संभाव्य नावे दिली. त्यांपैकी एक, अमेरिकेतील ओरेगन राज्यातील वकील ब्रँडन मेफील्ड यांचा ठसा जुळतो, असे एका तज्ज्ञाने ठरविले. आणखी दोघांनी दुजोरा दिला. १३ एप्रिलला स्पॅनिश प्रयोगशाळेने ठसा जुळत नसल्याचे कळविले. एफबीआय आपल्या मतावर ठाम राहिली. ६ मे रोजी मेफील्ड यांना ताब्यात घेण्यात आले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही एफबीआयशीच सहमती दर्शविली. त्याच सुमारास स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन व्यक्तीचा असल्याचे निश्चित केले आणि २० मे रोजी मेफील्ड सुटले. एफबीआयने माफी मागितली; २००६ मध्ये शासनाने २० लाख डॉलरची भरपाई दिली.

मेफील्ड हे इस्लामचा स्वीकार केलेले गृहस्थ होते. त्यांच्या धर्मामुळेच ठसा जुळविला गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००६ मध्ये दिलेला अहवाल अधिक बारकाईने बोलतो. ठसा प्रथम जुळविताना परीक्षकांना त्यांचा धर्म ठाऊक नव्हता. दोन ठशांतील असामान्य साम्याने त्यांना चकविले. नंतर मात्र, स्पॅनिश शंका आल्यावर, निष्कर्षाचा फेरविचार पुरेसा झाला नाही, आणि त्यामागे एव्हाना कळलेल्या त्या माहितीचा वाटा असण्याची शक्यता आहे. चूक होणे आणि चूक न सोडणे, या दोन टप्प्यांतील हा फरक वर्गात अवश्य शिकवावा असा आहे. दुजोरा देणाऱ्यांना पहिले मत आधीच ठाऊक होते. अशा दुजोऱ्याला तपासणी न म्हणता संमती म्हणावे. दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे मत न कळविता नमुना द्यावा, हा नियम त्यासाठीच सुचविला जातो.

आपल्याकडील नार्को चाचणी व ब्रेन मॅपिंग यांचा इतिहास फारसा वेगळा नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील अनेक संशयितांना नार्को चाचणीसाठी बंगलोरच्या प्रयोगशाळेत नेले जाई. तीही एका राज्याने दुसऱ्या राज्याला केलेली मदतच होती. परंतु त्या पद्धतीची विश्वासार्हता स्वतंत्रपणे कोणी पारखली होती? २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाच्या एका जन्मठेपेच्या निकालात मेंदूच्या विद्युत्लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला गेला. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याच वर्षी बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने या चाचण्या शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत दिले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरविले. पडताळणी झाली, पण अनेकांवर चाचण्या होऊन गेल्यावर.

नियमित पडताळणीचा साधा मार्ग म्हणजे आंतरप्रयोगशाळा तुलना. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाकडून आयएसओ १७०२५ या मानकानुसार मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळांना अशा तुलनांत भाग घ्यावा लागतो. कम्युनिटी कॉलेजांतील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ती महागड्या यंत्राशिवाय करून दाखविता येईल. मिठाचे एकच द्रावण तयार करून त्याच्या बाटल्या दहा-बारा महाविद्यालयांत पाठवाव्यात आणि प्रत्येकाने सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने क्लोराइडचे प्रमाण काढावे. आलेल्या उत्तरांची सरासरी व प्रमाण विचलन काढावे. एखाद्याचे उत्तर सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या दुपटीच्या आत असेल तर समाधानकारक, तिपटीच्या पलीकडे असेल तर असमाधानकारक, मधले शंकास्पद समजतात. बाटल्यांवर महाविद्यालयांची नावे न घालता केवळ क्रमांक घालावेत, आणि सर्वांची उत्तरे हाती येईपर्यंत एकाचे उत्तर दुसऱ्याला कळू देऊ नये. ज्याचे उत्तर दूर जाईल, त्याच्या नोंदवहीत ब्युरेट, द्रावणाची तयारी आणि गणित या क्रमाने कारण शोधता येते.