विश्लेषण : एक डबा, एक शिक्का, एक वही... काय आहे ‘लेटरबॉक्सिंग’? त्याचे शौकीन एकत्र का जमतात?

‘लेटरबॉक्स’ म्हटले की आपल्याला कोपऱ्यावरची लाल पेटी आठवते, किंवा इमारतीच्या जिन्याखाली रांगेत लावलेल्या, कुलपे गंजलेल्या पत्र्याच्या पेट्या. इंग्लंड आणि अमेरिकेतील काही शौकिनांसाठी मात्र लेटरबॉक्स म्हणजे माळावर, जंगलात किंवा एखाद्या बागेत दगडाआड लपवलेला छोटा डबा. तो शोधायचा, आतल्या रबरी शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा ठसा डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसाच परत लपवायचा. बक्षीस नाही, पदक नाही. एकट्यानेही सहज करता येणारा हा छंद. तरी त्याचे शौकीन अधूनमधून दहा-वीस जणांचा छोटासा मेळावा भरवतात आणि दिवसभर रमतात. ते का, हे समजून घेण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

सुरुवात कुठे झाली?

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा विस्तीर्ण माळ आहे. क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. गवत, दलदल, धुके आणि मध्येच डोके वर काढणारे ग्रॅनाइटचे सुळके; त्यांना तिथे ‘टॉर’ म्हणतात. शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ वाचलेल्यांना हा माळ ओळखीचा असेल. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावातील जेम्स पेरॉट या वाटाड्याने माळाच्या उत्तर भागातील क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. पायपीट करून तिथवर पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड त्यात टाकायचे, एवढाच हेतू.

पुढे लोक तिथे स्वतःचाच पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले. नंतर येणारा वाटसरू ती उचलून आपल्या गावातून टपालात टाकायचा. आपले पत्र कधी, कुठून आणि कोणाच्या हातून परत येईल याची गंमत होती. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यातूनच आले. गंमत म्हणजे क्रॅनमिअर पूल या ठिकाणी आज तळे नाहीच, नुसता खोलगट भाग आहे. स्थानिक दंतकथा सांगते, की ओकहॅम्प्टनच्या एका महापौराच्या भुताला हे तळे चाळणीने उपसण्याची शिक्षा मिळाली. त्या पठ्ठ्याने चाळणीला आतून मेंढीचे कातडे लावले आणि तळे रिकामे केले!

दुसरा डबा बेलस्टोन टॉरला १८९४ मध्ये आला. तिसरा डक्स पूल येथे, डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ, १९३८ मध्ये. म्हणजे पहिल्या ८४ वर्षांत मोजके डबे. १९७० च्या दशकापासून मात्र संख्या भराभर वाढली. १०० डबे शोधणाऱ्यांचा ‘१०० क्लब’ निघाला, डब्यांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेतील ‘स्मिथसोनियन’ मासिकात या छंदावर लेख आला आणि तिथेही त्याने मूळ धरले.

डबा सापडतो कसा?

डबा लपवणारा एक सांकेतिक माहितीचा कागद तयार करतो. अमेरिकेत ही माहिती अनेकदा कोड्याच्या किंवा गोष्टीच्या रूपात असते. डार्टमूरवर होकायंत्राचे दिशाकोन दिले जातात: अमुक टॉर इतक्या अंशांवर, तमुक झाड इतक्या अंशांवर, मग मोठ्या दगडापासून बारा पावले. दोन खुणांकडे जाणाऱ्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुम्ही उभे राहायचे.

कागदावर हे सोपे वाटते. पण एक किलोमीटर दूरच्या टॉरकडे पाहताना कोन फक्त दोन अंशांनी चुकला, तरी तुम्ही जवळपास ३५ मीटर बाजूला जाता. चहूकडे सारखेच दगड असलेल्या माळावर ३५ मीटर म्हणजे अख्खी दुपार. त्यात ‘बारा पावले’ नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. सहा फुटी माणसाने लिहिलेली बारा पावले एखाद्या लहान मुलाची अठरा होऊ शकतात.

मेळाव्यात होते काय?

अमेरिकेतील एखादा छोटा मेळावा बहुधा सार्वजनिक उद्यानातल्या छपराखाली भरतो. जागा आधी राखून ठेवलेली असते, प्रत्येकाने घरून एखादा पदार्थ आणायचा असतो. यजमानाने त्या दिवसासाठी खास शिक्का कोरलेला असतो. आल्या आल्या पहिले काम म्हणजे तो आपल्या वहीत उमटवणे. आसपासच्या पायवाटांवर त्या दिवसासाठी काही नवे डबे लपवलेले असतात. कागद हातात घ्यायचा आणि दोघा-तिघांच्या टोळीने निघायचे. एक जण पावले मोजतो, दुसरा होकायंत्र धरतो, तिसरा ‘अरे, उजवीकडे!’ म्हणून ओरडतो. डबा सापडला की हळूच उघडायचा, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करायची. डबा परत ठेवण्याआधी शिक्का पुसून कोरडा करायचा. ओला शिक्का पिशवीत कोंडला की वहीला बुरशी लागते. आणि या छंदात वही म्हणजे सर्वस्व.

पण खरी मजा टेबलावर असते. इथे बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या डब्यांतल्या वह्यांमध्ये एकच ठसा दिसत राहतो, समजा एक कासव, खाली तारीख आणि ‘पाऊस होता, तरी आलो’ अशी एखादी ओळ. माणूस कधी दिसलेला नसतो. मेळाव्यात समोर बसलेल्या आजोबांनी खिशातून तेच कासव काढले, की अनोळखीपणा संपतो. मग वह्यांची अदलाबदल होते. एकमेकांच्या वहीत वैयक्तिक शिक्के उमटतात. याचीही रीतसर मोजदाद असते: आपण किती डबे लपवले, किती शोधले आणि किती जणांशी ठसे बदलले.

नवख्यांना याच टेबलावर कोरणे शिकायला मिळते. आपण शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे केले, त्याचीच ही पुढची इयत्ता. मऊ खोडरबर किंवा कोरकामाचा रबरी ठोकळा आणि एक बारीक कोरणी पुरते. अडचण एकच, शिक्का उलटा कोरावा लागतो. त्यावर युक्ती अशी, की कागदावर गडद पेन्सिलीने चित्र सरळच काढायचे, ते रबरावर पालथे घालून घासायचे. चित्र आपोआप उलटे उतरते. ठसा मारला की पुन्हा सरळ. पहिल्या प्रयत्नात अक्षरांचे पाय हमखास तुटतात. अनुभवी हात ते बघून सांगतात, की कोरणी रेषेकडे झुकवू नकोस, रेषेपासून बाहेर झुकव, म्हणजे रेषेखाली आधार राहतो. हे वाक्य ऐकून कळते त्यापेक्षा शेजारी बसून पाहिले की लवकर कळते.

काही गोष्टी तर माणसे भेटल्याशिवाय होतच नाहीत. काही डब्यांचा ठावठिकाणा कुठेच लिहिलेला नसतो, तो फक्त तोंडी सांगितला जातो. काही शिक्के ‘फिरते’ असतात. एका डब्यात सापडला की तो उचलून दुसऱ्या डब्यात सोडायचा. डार्टमूरवर त्याला कोकिळा या अर्थाने ‘कुकू’ म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या घरट्यात राहतो. डार्टमूरकरांची भेटण्याची पद्धतही खास आहे. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळे एक तास पुढे-मागे केली जातात, त्या रविवारी जमण्याचा जुना प्रघात आहे. नव्या डब्यांच्या माहितीचे कागद विकून येणारे पैसे अनेकदा धर्मादाय कामाला दिले जातात.

मग वाद कशाचा?

मेळाव्यांवर जुन्या मंडळींचा एक आक्षेप आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. काही ठिकाणी शिक्के थेट टेबलावर मांडले जातात. बसल्या जागी तासाभरात वही भरते. चालणे नाही, चुकणे नाही, चिखल नाही. मग याला शोध म्हणायचे का? आकडा वाढवण्यासाठीच येणारेही असतात.

पण दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. लेटरबॉक्सची देखभाल करायला कंपनी किंवा खाते नाही. डबा फुटला, वही भिजली, झाड पडले, तर लपवणाऱ्यानेच जाऊन बघायचे. त्याचे गुडघे दुखू लागले किंवा तो गाव सोडून गेला, की डबा बेवारस. शोधणारे कागद घेऊन जातात आणि हात हलवत परततात. अशा वेळी ‘तुझे दोन डबे आता मी बघतो’ असे म्हणणारा कोणीतरी हवा असतो. तो ओळखीतूनच मिळतो, आणि ओळख अशा टेबलावर होते.

दुसरे आव्हान मोबाइलचे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात पहिला ‘जिओकॅश’ ठेवला गेला. तिथे अक्षांश-रेखांश थेट मिळतात, त्यामुळे तो खेळ जगभर पसरला. लेटरबॉक्सिंग तुलनेने लहानच राहिले. कोडे सोडवायला आणि खोडरबर कोरायला वेळ लागतो, हे त्याचे साधे कारण असावे.

आपल्याकडे हे जमेल का?

‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा रोज ऐकणाऱ्या मुंबईकराला पहिली शंका येईल ती सुरक्षेची. ती रास्त आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात कॅफेजवळ ठेवलेला संशयास्पद डबा लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने नियंत्रित स्फोटाने उडवला. तो जिओकॅश निघाला. डार्टमूरवरही प्राचीन अवशेषांत डबा ठेवायचा नाही, सिमेंट वापरायचे नाही, असे संकेत आहेत. क्रॅनमिअर पूल तर लष्कराच्या सराव क्षेत्रात आहे. गोळीबाराच्या दिवशी लाल निशाणे लागतात आणि शौकीन मुकाट्याने मागे फिरतात.

त्यामुळे स्थानके, बाजार, देवळे तर नकोतच. संरक्षित किल्ले आणि वनखात्याच्या जागाही टाळलेल्या बऱ्या. मित्राचे शेत, गावाकडची वाडी किंवा स्वतःची सोसायटी चालेल. पारदर्शक डबा, त्यावर ठळक अक्षरांत ‘हा खेळाचा डबा आहे’ अशी चिठ्ठी आणि आपला फोन नंबर, आत वही आणि शिक्का. चार-पाच घरांनी मिळून रविवारी सकाळी एकेक डबा लपवला आणि नंतर पोह्यांवर वह्या उघडल्या, तर तो मेळावाच झाला. फक्त सोसायटीत करणार असाल, तर सेक्रेटरी आणि वॉचमनला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वॉचमनलाही एक शिक्का कोरून दिला तर उत्तम.