सुट्टीतली शाळा

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या नेटमध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिल्यांदा उतरला, तो उन्हाळी शिबिरासाठी. साल 1984, जागा दादरचं शिवाजी पार्क. मोठा भाऊ अजित त्याला घेऊन आला होता. सर समोर उभे राहून बघताहेत म्हटल्यावर पोरगा बिचकला आणि बॅट काही केल्या चालेना. अजितने सरांना विनंती केली, जरा लांब जाऊन बघा. सरांनी लांबून पाहिलं आणि प्रवेश मिळाला. पुढचं सगळं महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. या गोष्टीतली एक बाजू मात्र सांगताना राहून जाते. हे शिबिर सार्वजनिक मैदानावरचं होतं, मध्यमवर्गीय घराला परवडणारं होतं, आणि पहिल्या दिवशी घाबरलेल्या मुलाकडे पुन्हा एकदा बघण्याइतकी सवड तिथे होती.

शिबिर ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. राष्ट्र सेवा दलाची स्थापना 4 जून 1941 ची. एस. एम. जोशी, साने गुरुजी यांच्या प्रभावाखाली वाढलेल्या या संघटनेने शाखा, कलापथक आणि सुट्टीतली शिबिरं यांच्या जोरावर मुलं घडवली. सगळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवायचं, संडास-मोरी आपली आपण धुवायची, संध्याकाळी गाणी म्हणायची. निळू फुले आणि स्मिता पाटील हे सेवा दलाच्या वातावरणातूनच पुढे आले. अभिनय शिकवण्याचा वर्ग म्हणून कुणी तिथे नाव घातलं नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

शिवाजी पार्कवरच 1925 पासून उभं असलेलं श्री समर्थ व्यायाम मंदिर आजही सुट्टीत मुलांनी फुलून जातं. इथला मान मल्लखांबाचा. गुळगुळीत लाकडी खांबाला एरंडेल तेल चोळलेलं असतं. नवं पोर त्याला मिठी मारतं आणि सरळ खाली घसरतं. मग साधी अढी शिकायची: पायांच्या पकडीवर भिस्त ठेवायची, डोकं खाली आणि हात मोकळे. पहिल्यांदा हात सोडताना भल्याभल्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. खाली उभा असलेला दादा किंवा ताई बहुतेक वेळा दोन-चार वर्षांपूर्वी तशीच लटकलेली असते. शिकवण्याची ही उतरंड हेच अशा आखाड्यांचं खरं भांडवल आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच परिसरात भरली, आणि इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता एप्रिलमध्ये सोसायटीच्या फाटकावर लागणारे फलक बघा. दहा दिवसांत रोबोटिक्स, अबॅकस, वैदिक गणित, कॅलिग्राफी, झुंबा, व्यक्तिमत्त्व विकास आणि ‘फायरलेस कुकिंग’. (म्हणजे भेळ आणि सँडविच. आजीने शिकवली तर त्याला फी नसते.) यातलं एकही वाईट नाही. पण प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन तास आले की मुलाच्या हाती लागते ती चव, भूक भागत नाही. समारोपाला सगळ्यांना प्रमाणपत्र, आई-बाबांच्या मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ, आणि जूनमध्ये सगळं विसरलेलं. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना सुट्टीत मुलं सुरक्षित ठेवायला जागा हवी असते, ही गरज खरी आहे. ती गरज ‘सर्वांगीण विकास’ या नावाखाली विकली जाते, तक्रार असली तर तेवढ्यापुरतीच.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. जयंत नारळीकरांच्या काळात तिथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. पुण्यातल्या वेगवेगळ्या शाळांतून मुलं यायची आणि आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायची. ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. काय करायचं ते मार्गदर्शक आणि मुलं मिळून ठरवणार, ग्रंथालय उघडं, आणि शेवटी आपण काय केलं ते लिहून द्यायचं.

पुढे आयुकाच्या आवारात मुलांसाठी विज्ञान केंद्रच उभं राहिलं आणि अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. आयआयटी कानपूरचे हे अभियंते टाकाऊ वस्तूंतून खेळणी करतात. त्यांचा एक जुना प्रयोग कोणत्याही शिबिरात पाच मिनिटांत करता येईल. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करायचे आणि आगपेटीच्या काड्यांची टोकं त्यांत खोचून चौकोन बनवायचा. बोटाने जरा दाबला की तो कलंडतो. त्रिकोण करा, तो दाबला तरी हलत नाही. आता चौकोनात एक तिरकी काडी बसवा. तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलात इतके त्रिकोण कशाला, हे मग कुणी सांगावं लागत नाही. खर्च म्हणाल तर दोन-चार रुपये.

शिबिराने अभ्यासातही फरक पडतो का? याचं उत्तर बिहारकडे आहे. जून 2008 मध्ये ‘प्रथम’ या संस्थेने तिथल्या सरकारबरोबर महिनाभराची उन्हाळी शिबिरं भरवली. शिकवणारे सरकारी शाळांचेच शिक्षक. मुलं इयत्तेनुसार बसवली नाहीत. कुणाला अक्षर ओळखता येतं, कुणाला शब्द वाचता येतो, त्यावरून गट केले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची शास्त्रशुद्ध तपासणी केली, तेव्हा मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली. गंमत पुढे आहे. तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण शाळेच्या नेहमीच्या दिवसांत देऊन पाहिलं, तर विशेष काही घडलं नाही. शाळा सुरू झाली की शिक्षक पुन्हा पोर्शन संपवण्याच्या मागे लागले होते. शिक्षक तेच होते आणि मुलंही तशीच होती. सुट्टीत अभ्यासक्रमाचं ओझं तेवढं नव्हतं.

महाराष्ट्राला हा धडा नीट लागू पडतो. बीडसारख्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडावर गेलेल्या मुलांची शाळा मधल्या महिन्यांत बुडते किंवा तुटक होते. हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा आहेत, पण त्या सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. ही मुलं निवांतपणे गावात असतात ती नेमकी उन्हाळ्यात, आणि तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप असतं. समाजमंदिरात किंवा मारुतीच्या पारावर, सकाळी सात ते नऊ, बारावी झालेली गावातलीच एखादी ताई गोष्टीची पुस्तकं आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन बसली, तरी बुडालेल्या महिन्यांपैकी काही हाताला लागतील. करोनानंतर काही गावांत असे वर्ग स्वयंसेवक आणि आयांच्या गटांनी चालवलेही. शिबिरांची सर्वाधिक गरज या मुलांना आहे आणि त्यांच्यासाठीच ती सर्वांत कमी भरतात, हे मान्य करायला हवं.

शहरातल्या पालकांनी नाव घालण्यापूर्वी माहितीपत्रकापेक्षा चार गोष्टी विचारलेल्या बऱ्या. एका शिक्षकामागे मुलं किती? मैदानावरचा खेळ ऊन चढण्याआधी संपतो का, आणि पिण्याचं पाणी जवळ आहे का? निवासी शिबिर असेल तर रात्री मुलांजवळ कोण असतं आणि त्या व्यक्तीची चौकशी झाली आहे का? शेवटचा प्रश्न आयोजकांना जरा अवघड जातो: फी न भरता येणाऱ्या किती मुलांना घेता? ज्यांच्याकडे सोसायटीचा हॉल किंवा शाळेच्या किल्ल्या आहेत, त्यांनी यंदा वॉचमनच्या आणि घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांची नावं यादीत सगळ्यात आधी लिहावीत.