गोड वाइन निवडताना

कोल्हापुरातली शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली गुळाची व्यापारपेठ. इथल्या जिभेला वाइनही गोडच हवी असेल, तर दुकानात जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

● वासावर जाऊ नका. सॉव्हिन्यॉ ब्लाँला पेरूसारखा वास येतो, पण चवीला ती बहुधा कोरडी लागते.

● लेबल वाचा. 'ड्राय' म्हणजे यीस्टने जवळपास सगळी साखर संपवलेली. युरोपातल्या नियमांनुसार लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय आणि ४५ ग्रॅमपासून पुढची स्वीट.

● सुरुवात कशाने? नाशिकच्या 'सुला'ची शेनिन ब्लाँ किंचित गोड आहे. त्याहून गोड हवी असेल, तर त्यांचीच 'लेट हार्वेस्ट' पाहा. तिच्यासाठी घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात, म्हणून द्राक्षांत साखर साठते.

● पोर्ट जपून. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आंबवण चालू असतानाच द्राक्षाचं कडक मद्य ओततात. यीस्ट थांबतं, साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. गोडीच्या नादात घोट वाढतात.

● तांबड्या रश्श्यासोबत? थंड, किंचित गोड पांढरी वाइन तिखटाचा जाळ कमी करते. कडक, तुरट रेड तो वाढवते.

● किती थंड? ६ ते ८ अंश. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

● कायदा : महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत.