व्यावसायिक डिशवॉशर

व्यावसायिक डिशवॉशर हे उपाहारगृहे, हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे अशा ठिकाणच्या मोठ्या स्वयंपाकघरांत खरकटी ताटे, वाट्या, पेले व चमचे धुऊन निर्जंतुक करणारे यंत्र आहे. घरगुती यंत्राच्या एका खेपेस बहुधा तासाहून अधिक वेळ लागतो. व्यावसायिक यंत्राची खेप साधारणतः एक ते तीन मिनिटांत संपते. टाकीत आधीच तापवून ठेवलेल्या पाण्यामुळे हा वेग शक्य होतो. डिटर्जंटमिश्रित तेच पाणी गाळून पुनःपुन्हा फवारले जाते आणि केवळ शेवटच्या विसळणीसाठी ताजे पाणी घेतले जाते.

इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. घासण्याऐवजी पाण्याच्या दाबाने भांडी स्वच्छ करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले गेले. त्याचे आरंभीचे ग्राहक हॉटेले व उपाहारगृहे होती. घरोघरी डिशवॉशर पोहोचला तो पुष्कळ नंतर. त्या अर्थाने व्यावसायिक यंत्र हेच मूळ रूप म्हणता येईल.

प्रकार

लहान उपाहारगृहांत ओट्याखाली बसणारे, समोरून दार उघडणारे यंत्र वापरतात. मध्यम स्वयंपाकघरांत वर उचलता येणारे झाकण असलेले यंत्र अधिक सोयीचे ठरते. एका बाजूने खरकट्या भांड्यांचा रॅक आत सरकवून दुसऱ्या बाजूने धुतलेला बाहेर काढता येतो व कामगाराला वाकावे लागत नाही. मोठ्या भोजनगृहांत सरकत्या पट्ट्याची यंत्रे असतात. पहिल्या दोन प्रकारांत सामान्यतः ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौरस रॅक वापरला जातो.

क्षमतेची गणना

यंत्राच्या माहितीपत्रकात ताशी किती रॅक धुतले जातात याचा आकडा ठळकपणे दिलेला असतो. निवड करताना मात्र सुरुवात गर्दीच्या तासात निघणाऱ्या भांड्यांपासून करावी लागते. उदाहरणार्थ, तासाला २०० जण जेवणाऱ्या थाळी-भोजनगृहात प्रत्येकी एक ताट, तीन वाट्या व एक पेला धरला आणि एका रॅकमध्ये १२ ताटे किंवा २५ वाट्या वा पेले मावतात असे मानले, तर ताटांचे १७, वाट्यांचे २४ व पेल्यांचे ८ रॅक होतात. चमच्यांसह ही संख्या ५० वर जाते. ताटांपेक्षा वाट्याच यंत्र अधिक काळ अडवून ठेवतात, ही बाब केवळ ताटे मोजणाऱ्या हिशेबातून निसटते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. शेवटच्या विसळणीला दर रॅकमागे तीन लिटर पाणी लागते असे धरल्यास ते २५ अंशांवरून ८५ अंश सेल्सियसपर्यंत तापवण्यास सुमारे ०.२१ युनिट वीज लागते. ५० रॅकसाठी ती साडेदहा युनिट होते. विसळणीच्या पाण्याचा हीटर ६ किलोवॅटचा असेल, तर त्याला तासाला २८ रॅकांहून अधिक पाणी पुरवता येणार नाही, मग माहितीपत्रकातील आकडा काहीही असो. याच यंत्राला सौर संयंत्रातून वा बॉयलरमधून ६० अंशांचे पाणी मिळाल्यास तोच हीटर ६८ रॅकांपर्यंत पुरतो. त्यामुळे हा आकडा कोणत्या तापमानाच्या पाण्यावर दिला आहे, हे विक्रेत्यास विचारणे आवश्यक असते.

निर्जंतुकीकरण

हीटर अपुरा पडला की काही यंत्रे पाणी तापेपर्यंत थांबून राहतात. ज्यांत अशी सोय नाही ती कमी तापलेल्या पाण्यानेच विसळतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण ताट स्वच्छ दिसते पण निर्जंतुक झालेले नसते. अमेरिकी मानकांनुसार उष्णतेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात भांड्याच्या पृष्ठभागाचे तापमान ७१ अंशांपर्यंत पोहोचावे लागते; त्यासाठी बहुतेक यंत्रांत विसळणीचे पाणी किमान ८२ अंशांचे असते. कमी तापमानाच्या यंत्रांत हे काम क्लोरीनयुक्त द्रावण करते. त्यांना वीज कमी लागते, पण द्रावण संपल्याचे वेळीच लक्षात यावे लागते आणि भांडी सुकण्यास अधिक वेळ लागतो.

पाणी व भांडी

विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार हीटरवर थर धरतात आणि फवाऱ्यांची छिद्रे बुजवतात. अशा ठिकाणी पाणी मृदू करणारे संयंत्र यंत्राच्या किमतीतच धरलेले बरे.

डिटर्जंट तीव्र अल्कधर्मी असल्याने ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात आणि पितळ-तांब्याची झळाळी जाते. स्टेनलेस स्टीलला सहसा बाधा होत नाही. भाताचा वाळलेला थर एक-दोन मिनिटांच्या फवाऱ्याने निघतोच असे नाही. म्हणून खरकटे काढून भांडी भिजवण्यासाठी हौद व यंत्राच्या दोन्ही बाजूंस ओट्याची जागा राखावी लागते. करपलेल्या कढया व पातेल्यांसाठी अधिक दाबाचे वेगळे यंत्र मिळते. ते नसेल तेथे हे काम हातानेच करावे लागते.